घरच्या खोलीत कंट्री ब्लूज: रेकॉर्डिंगमध्ये अंगठा ऐकू यायला हवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात पूर्व भागात घर, दहा बाय बाराची खोली, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब. दोन वर्षांपासून कंट्री ब्लूजचा, म्हणजे एकट्याने गिटारवर वाजवायच्या जुन्या अमेरिकन ग्रामीण ब्लूज संगीताचा, फिंगरपिकिंगने (बोटांनी तारा छेडून) सराव, बहुतेक मिसिसिपी जॉन हर्ट या जुन्या ब्लूज वादकाच्या धाटणीचा, सी आणि ए या पट्ट्यांमध्ये. फोनवर रेकॉर्ड केले की बेस घुमतो, वरच्या तारा पत्र्यासारख्या वाजतात, मागे पंखा आणि लूमचा खडखडाट येतो. ओळखीच्यांना पाठवले की "मस्त!" यापलीकडे उत्तर नाही. कोणता माइक घ्यावा, आणि खरा अभिप्राय कसा मिळवावा?

माइकचा विषय शेवटी घेतो. आधी एक गोष्ट पक्की करू, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच ठरतात. या संगीतात अंगठा खालच्या सुरांच्या तीन जाड तारांवर ठेका धरतो आणि तर्जनी-मध्यमा वरच्या तारांवर सूर वाजवतात, तेही बहुतेक ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे. भजनात टाळकरी लय धरून असतो म्हणून गाणाऱ्याला मोकळे फिरता येते, तसेच हे. हर्टच्या वादनात अंगठा दोन-तीन तारांमध्ये आलटून पालटून फिरतो. लाइटनिन हॉपकिन्स या दुसऱ्या ब्लूज वादकाच्या वादनात तो बरेचदा एकाच तारेवर ठोके देत राहतो. दोन्हीकडे ऐकणाऱ्याला अंगठा आणि बोटे वेगवेगळी ऐकू आली, तरच तो काही उपयोगाचे सांगू शकेल. बेस घुमून एकमेकांत मिसळला असेल, तर तुमचा अंगठा डळमळतो की खोली घुमते हे कुणालाच कळणार नाही. मग तो बिचारा "मस्त" म्हणतो. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे.

सुरुवात खोलीपासून. खोलीच्या मधोमध उभे राहून जोरात एक टाळी वाजवा. टाळीमागे "टर्र" असा धातूचा कंप आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आवाज उड्या मारतो आहे. वरच्या तारा पत्र्यासारख्या वाजण्याचे हे निम्मे कारण. फरशी आणि स्लॅब यांच्यामध्येही तेच चालते. यावरचा इलाज सोलापूरकराच्या घरात आधीच असतो. जाड सोलापुरी चादर दुहेरी घडी करून दोरीवर टांगा, पण भिंतीला चिकटवून नको. भिंत आणि चादर यांच्यात १० ते १५ सेंमी मोकळी जागा ठेवा. हवेच्या कणांची हालचाल भिंतीलगत जवळजवळ थांबलेली असते आणि भिंतीपासून दूर जाल तशी वाढते. चादर शोषते ती हालचालच. म्हणून चिकटवलेली चादर फक्त अगदी वरचे सूर खाते, आणि अंतर ठेवलेली चादर साधारण ५०० हर्ट्झच्या वर सगळीकडे काम करू लागते. एक चादर तुमच्या समोरच्या, म्हणजे माइकच्या पाठीमागच्या भिंतीवर, दुसरी तुमच्या पाठीमागे, आणि पायाखाली सतरंजी किंवा दोन टर्किश टॉवेल पसरून. एवढे पुरते. चारही भिंती झाकल्या तर वरचे सूर मरतात, खालचे तसेच राहतात आणि गिटार घोंगडीत गुंडाळल्यासारखी वाजते.

घुमणाऱ्या बेसवर चादरीचा काही उपयोग नाही. तिथे खोलीची मापे आड येतात. दहा फूट रुंदीत आवाजाची लाट ५७ हर्ट्झच्या आसपास उभी राहते आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ११० ते ११५ च्या दरम्यान, पुन्हा उभी राहते. स्लॅबची उंचीही दहा फूट असेल तर दोन्हींचा जोर एकाच जागी येतो. आता पाचवी मोकळी तार, ए, वाजते ११० हर्ट्झला. ए मधले वादन घुमते आणि सी मधले थोडे बरे वाजते, असा अनुभव येत असेल तर त्याचे कारण बहुधा हेच. यातली वरची लाट खोलीच्या अगदी मध्यावर आणि भिंतींलगत सर्वांत जोरात असते, म्हणून मध्यावर बसू नका आणि कोपऱ्यातही बसू नका. गिटार घेऊन बसा, पाचवी तार मोकळी वाजवा, मग सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेचा तिसरा फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्टीने आखलेले घर), मग पाचवीचा तिसरा. तिन्ही सूर सारख्या जोराचे आणि सारख्या लांबीचे येतात का ते ऐका. नसतील तर खुर्ची फूटभर सरकवा आणि पुन्हा वाजवा. चार-पाच जागांत एक जागा अशी मिळतेच की जिथे तिन्ही बऱ्यापैकी जुळतात. तिथे खडूने खुर्चीच्या पायांच्या खुणा करून ठेवा. कोपऱ्यात कापसाच्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या तर बेसला थोडा आणखी लगाम बसतो, कारण तिथे जाडी असते. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांवर वेळ घालवू नका. त्यांना ना वजन आहे ना आवाज शोषणारे धागे.

बाहेरचा आवाज ही वेगळीच गोष्ट, आणि इथे लोकांची नेहमी गल्लत होते. चादर खोलीतला आवाज आवरते, बाहेरचा अडवत नाही. बाहेरचा आवाज अडवायला वजन आणि बंद फटी लागतात. खिडकीच्या फटीत कापडाच्या पट्ट्या आणि दाराखाली गुंडाळलेला ओला टॉवेल यांनी बराच फरक पडतो, पण शेजारी यंत्रमाग चालू असेल तर धडधड जमिनीतून आणि भिंतीतून येते. तिथे वेळ निवडणे हाच उपाय. पहाटे पाच ते सात ही वेळ बहुतेकांना साधते. ज्या दिवशी नळाला पाणी येणार आहे तो दिवस सोडून द्या, कारण गल्लीतली प्रत्येक मोटर तेव्हा चालू असते. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत किंवा गणेशोत्सवात रेकॉर्डिंगचा हट्टच नको, तेव्हा सराव करावा.

पंखा बंदच हवा. नुसत्या घरघरीमुळे नाही. गिटारचा आवाज फिरत्या पात्यांवर आपटून परत येतो आणि लांबलेल्या सुरांना बारीक थरथर देतो. ती नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने निघत नाही. फ्रिजही तेवढ्यापुरता बंद करा (आणि परत चालू करायला विसरू नका, गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवली की विसर पडत नाही). ट्यूबलाइटचा जुना चोक आणि फ्रिज दोन्ही १०० हर्ट्झला गुणगुणतात. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची ही दुप्पट. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटचा जी ९८ हर्ट्झला वाजतो. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला दोन झोके येतात आणि वाटते की तार बेसूर आहे. शिवाय १०० हर्ट्झ कापून गुणगुण काढायला जाल, तर तो जी सुद्धा बारीक होईल. म्हणून ती मुळातच बंद करायची. लॅपटॉप वापरत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. जुन्या वायरिंगच्या घरात अर्थिंग नीट नसते, आणि चार्जरमधून येणारी गुरगुर इंटरफेसवाटे (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीतून) थेट रेकॉर्डिंगमध्ये शिरते.

सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल सांगायलाच हवे, कारण तो गिटारवरच परिणाम करतो. लाकडी गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची हवा त्याच्या खूप खाली जाते. लाकूड आकसते, वरची फळी थोडी खाली बसते, तारा फ्रेटच्या जवळ येतात आणि झणझण सुरू होते. फ्रेटची टोके बोटाला टोचू लागली तर समजा की गिटार कोरडी पडली आहे. साबणाच्या डबीला भोके पाडून त्यात घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवा, आणि डबी गिटार ठेवायच्या पेटीत, लाकडाला पाणी लागणार नाही अशी, ठेवून पेटी बंद करा. दोन दिवसांनी स्पंज पुन्हा ओला करायचा. पाण्याचा कूलर खोलीतली आर्द्रता वाढवतो ही चांगली गोष्ट, पण त्याच्या थेट झोतात गिटार ठेवू नये. टेकच्या, म्हणजे सलग एका रेकॉर्डिंगच्या, आधी अर्धा तास गिटार पेटीबाहेर, त्याच खोलीत ठेवा, मगच सूर लावा. सूर लावताना तार नेहमी खालून वर आणा. वरून खाली आणलेली तार खिटीत सैल राहते आणि तिसऱ्या आवर्तनापर्यंत उतरते.

तारा अगदी कोऱ्या नकोत. नव्या फॉस्फर ब्राँझ तारांवर बोट सरकताना चिरचिर होते आणि झंकार इतका लांबतो की बेसचे ठोके एकमेकांवर चढतात. तीन-चार दिवस वाजवलेल्या तारा या शैलीला अधिक शोभतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उजव्या तळहाताची कड. ती ब्रिजवर (तारा जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीवर) हलकी टेकवली की जाड तारा दबून "ठुम्" वाजतात. ब्रिजच्या खुंट्यांवर टेकली तर काहीच दबत नाही, आणि सॅडलच्या (ब्रिजवर तारा ज्या बारीक पट्टीवर टेकतात तिच्या) पुढे सेंटिमीटरभर गेली तर सूरच मरतो. योग्य जागा सॅडलच्या अगदी वर, आणि फक्त चौथी ते सहावी तार दबेल इतकीच. घरी रेकॉर्ड करणाऱ्यांच्या बेसच्या निम्म्या तक्रारी माझ्या मते इथेच मिटतात. थंबपिक (अंगठ्यात घालायची नखी) वापरत असाल तर अंगठा सहज दीडपट जोरात वाजतो. एक टेक थंबपिकने आणि एक उघड्या अंगठ्याने घेऊन पाहा, मग ठरवा.

पाय. या संगीतात पायाचा ठोका वर्ज्य नाही, उलट शोभतो, पण तो आपल्या मर्जीने यायला हवा. नको असेल तर चपला काढा आणि पायाखाली चारपदरी टॉवेल ठेवा. हवा असेल तर घरातला लाकडी पाट टाचेखाली घ्या आणि टाच त्यावर मारा. फरशीवरचा ठोका नुसता चटचटतो, पाटाचा भरीव येतो. कसेही असले तरी माइकच्या स्टँडखाली घडीचा टॉवेल हवाच, नाहीतर ठोका जमिनीतून स्टँडमध्ये चढतो. खुर्ची न कुरकुरणारी, बिनहातांची. शर्टाची बटणे, घड्याळ, बांगड्या, गळ्यातली साखळी हे सगळे गिटारच्या पाठीवर घासते आणि रेकॉर्डिंगमध्ये आश्चर्य वाटावे इतके मोठे ऐकू येते.

आता माइक कुठे ठेवायचा. नव्या माणसाला वाटते, आवाज भोकातून येतो, माइक भोकासमोर ठेवू. भोकाचा स्वतःचा एक घुमारा असतो, मोठ्या ड्रेडनॉट गिटारमध्ये तो १०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका अंगठ्याच्या सुरांवर. भोकासमोर ठेवलेल्या माइकमध्ये काही बेस सूर अंगावर येतात आणि काही दिसेनासे होतात. माइक बाराव्या ते चौदाव्या फ्रेटच्या समोर, दीड वीत अंतरावर, म्हणजे ३० ते ३५ सेंमीवर ठेवा. तोंड गिटारची मान आणि तिची पोकळ पेटी जिथे जुळतात तिकडे, भोकाकडे नाही. इथून पुढे कानाने ठरवायचे. बेस अजून जास्त वाटला तर माइक हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) दिशेने दोन-तीन बोटे सरकवा. आवाज बारीक वाटला तर पेटीच्या दिशेने. बोटांची चिरचिर जास्त आली तर माइक फ्रेटबोर्डच्या पातळीपेक्षा थोडा खाली नेऊन वर तिरका करा. प्रत्येक हालचालीनंतर अर्ध्या मिनिटाचे रेकॉर्डिंग करून ऐका आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक जवळ आणला की बेस आपोआप फुगतो हेही लक्षात ठेवा. एका वीतभराच्या आत येऊ नका. आणि दोन मीटर दूर गेलात तर गिटारपेक्षा खोलीच जास्त ऐकू येईल.

दोन माइक? सुरुवातीला नको. दोन माइकमध्ये अंतर चुकले की काही सूर एकमेकांना खोडतात, आणि खोडले जातात ते अनेकदा बेसचेच. या परंपरेतली जुनी रेकॉर्डिंग्ज साध्या, एकत्र वादनातूनच झाली. हर्टची १९२८ मधली रेकॉर्डिंग्ज मेम्फिस आणि न्यूयॉर्कला झाली, रॉबर्ट जॉन्सन या आणखी एका ब्लूज वादकाची १९३६ ची सॅन अँटोनिओच्या एका हॉटेलच्या खोलीत. नंतर वर आणखी वाद्ये चढवण्याची सोय तेव्हा नव्हती. माणूस, गिटार, आणि तबकडीच्या एका बाजूवर मावतील तेवढी सुमारे तीन मिनिटे. तीन मिनिटांची ती चौकट आजही उपयोगी आहे. पण त्या तबकड्यांचा खरखरीत, दबलेला आवाज नक्कल करायला जाऊ नका. तो यंत्रांच्या मर्यादेचा आवाज आहे, त्या वादकांच्या बोटांचा नाही. आणि त्यांच्या सोबत वाजवताना सूर जुळत नसेल तर गोंधळू नका. तबकड्यांचा वेग नेहमी अचूक नसे, म्हणून मूळ पट्टी दोन सुरांच्या मध्ये कुठेतरी सापडते. सॉफ्टवेअरमध्ये वेग थोडा कमी-जास्त करून जुळवून घ्या.

गात असाल तर माइक छातीच्या उंचीवर, ५० ते ६० सेंमी दूर ठेवा. आवाज जड झाला तर माइक चार बोटे खाली, गिटार जड झाली तर वर. गाणे आणि गिटार नंतर वेगवेगळे कमी-जास्त करता येणार नाहीत, म्हणून हा तोल आधीच साधायचा.

फोनवरच करायचे असेल तरी चालते, फक्त फोनच्या तीन सवयी मोडायला हव्यात. पहिली म्हणजे आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करणे. जोराच्या ठोक्यावर ती सगळे दाबते, शांततेत सगळे उचलते, आणि तुमच्या अंगठ्याचा कमी-जास्तपणा सपाट करून टाकते. नेमके जे तपासायचे तेच लपते. दुसरी म्हणजे गोंगाट काढण्याची सोय. विझत जाणाऱ्या तारेला ती गोंगाट समजून कापते. या दोन्ही सोयी बंद करू देणारे आणि डब्ल्यूएव्ही फाइल बनवणारे रेकॉर्डर ॲप घ्या. तिसरी सवय आपली: फोन टेबलावर ठेवणे. टेबल आवाज परतवते आणि थरथर पोहोचवते. फोन स्टँडवर उभा, खालची कड, जिथे बोलायचा माइक असतो ती, चौदाव्या फ्रेटकडे, कव्हर काढून, एअरप्लेन मोडवर.

पातळी ठरवताना सर्वांत जोराचा भाग वाजवून पाहा, सावकाश सुरुवात नाही. पातळीच्या मीटरवरची शिखरे उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहावीत. थंबपिकचा एखादा फटका उणे ३ ला गेला तर हरकत नाही, शून्याला टेकला की तो फाटतो आणि परत शिवता येत नाही. रेकॉर्डरची सेटिंग २४ बिट, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ. टेकच्या आधी दहा सेकंद काहीही न करता खोली नुसती रेकॉर्ड होऊ द्या. त्या दहा सेकंदांत कोणता आवाज शिल्लक आहे ते कळते, आणि गरज पडली तर तोच नमुना सॉफ्टवेअरला देता येतो. मात्र गोंगाट ६ डेसिबलपेक्षा जास्त कापू नका. २० डेसिबल कापला की सूर पाण्याखालून आल्यासारखे बुडबुडतात.

मेट्रोनोम कानात लावून रेकॉर्ड करावे का? हेडफोनमधली टिकटिक माइकमध्ये झिरपते, आणि कंट्री ब्लूजमधली बरीच वादने बारा बारच्या (चार-चार ठोक्यांच्या बारा गटांच्या) चौकटीत मोजून बसत नाहीत. गायकाला श्वास लागला की बार लांबतो, आणि ते सौंदर्य आहे. टिकटिकेऐवजी नंतर मोजा. मिनिटाला १०० ठोक्यांच्या गतीने बारा बार, म्हणजे ४८ ठोके, २८.८ सेकंदांत संपतात. शेवटचे आवर्तन २६.२ सेकंदांत संपले असेल तर तुम्ही ११० ला पोहोचला आहात. दोन-तीनने वाढ सगळ्यांचीच होते. दहाने वाढ झाली तर अंगठा बोटांच्या मागे धावतो आहे.

आणि आता ती तपासणी, जी बाकी काही केले नाही तरी करावी. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगची एक प्रत काढा आणि तिला २२० हर्ट्झचा लो-पास फिल्टर (त्याच्या वरचे सूर कापणारा) २४ डेसिबल उताराने लावा. वरची सुरावट जवळजवळ विझते आणि अंगठा एकटा उरतो. तो ऐका. सी कॉर्डमध्ये पाचवीचा सी, चौथीचा ई, सहावीचा जी, पुन्हा चौथी, असे चार ठोके आहेत. जी साठी अनामिका पाचवीवरून सहावीवर यावी लागते. ती उशिरा पोहोचली की सहावी मोकळी वाजते, आणि जी ऐवजी खालचा ई येतो. तो कॉर्डमधलाच सूर असल्याने पूर्ण वादनात खटकत नाही, फक्त कुठेतरी चिखल झाल्यासारखे वाटते. एफ कॉर्डला डावा अंगठा मानेवरून सहावीच्या पहिल्या फ्रेटवर येतो, तिथे बहुतेकांचा ठोका नुसता "ठक्" असा मुका निघतो. आणखी एक खोड: सुरावटीतला सूर ठोक्याच्या मध्ये येतो तेव्हा त्याच्या लगेच पुढचा अंगठ्याचा ठोका घाईने पडतो, आणि दोन्ही एकत्र चिमटीत आले की अंगठा नकळत जोरात वाजतो. कॉर्ड बदलताना एखादा ठोका गळणे तर फारच सामान्य. लाटेचे चित्र मोठे करून पाहिले तर १०० च्या गतीला शिखरे ०.६ सेकंदांच्या अंतराने दिसायला हवीत. पण डोळ्यांनी मिलिसेकंद मोजत बसू नका. जे कानाला अडखळते तेवढेच खरे.

पाठवण्याआधी काय करायचे? फार थोडे. ६० हर्ट्झच्या खालचे कापा (सहावी तार ई ८२ ला वाजते, डी ला उतरवली तर ७३ ला, म्हणून ८० ला कापू नका). एखादा सूर अजून घुमत असेल तर त्याच जागी दोन-तीन डेसिबल कमी करा. शिखर उणे १ डेसिबलवर आणा. कॉम्प्रेसर (जोराचे-हळूचे सारखे करणारी सोय) नको, तो अंगठ्याच्या चुका गुळगुळीत करतो. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) नको, तो ठोके एकमेकांत मिसळतो. आणि तुकडे जोडू नका. एका बैठकीत तीन पूर्ण टेक घ्या आणि त्यातला एक, चुकीसकट, पाठवा. चूक झाल्यावर तुम्ही लय सोडता की धरून ठेवता, हे जाणकाराला फार काही सांगते.

फाइल कशी पोहोचते याकडे लोक लक्षच देत नाहीत. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलेले वादन फार दाबले जाते, ती सोय बोलण्यासाठी आहे. तीच फाइल "डॉक्युमेंट" म्हणून पाठवली की जशीच्या तशी जाते. २४ बिट, ४४.१ ची मोनो डब्ल्यूएव्ही मिनिटाला सुमारे ८ एमबी होते, तीन मिनिटांची २४. नाहीतर १९२ केबीपीएसची एमपी३ करा, तीन मिनिटांना साडेचार एमबीच्या आत. आणि सोबत एक विनंती नक्की लिहा: हेडफोन लावून ऐका. फोनच्या स्पीकरमधून ३०० हर्ट्झच्या खाली जवळपास काही येत नाही. तुमचा अंगठा मुख्यतः ८० ते १७० मध्ये वाजतो. म्हणजे स्पीकरवर ऐकणाऱ्याने तुमचे अर्धे वादन ऐकलेलेच नसते.

पाठवताना "कसे वाटले?" असे विचारले की "मस्त" असेच उत्तर येणार, समोरच्याचा दोष नाही. त्याला काय ऐकायचे ते सांगा. ट्युनिंग, कॅपो (मानेवर लावून पट्टी चढवायचा चिमटा) कुठे, पट्टी, गती, कोणाच्या वादनावरून बसवले, थंबपिक की उघडा अंगठा, माइक कुठे होता, एवढे चार ओळींत. मग एकच प्रश्न, वेळेसकट. नमुना असा: "०:४२ ते १:१० मध्ये सी वरून एफ वर जाताना बेसचा ठोका गळतो का, की मुका वाजतो?" एवढा नेमका प्रश्न आला की गिटार न वाजवणारा तबलावादकही अचूक उत्तर देऊ शकतो, आणि सोलापुरात कंट्री ब्लूज वाजवणारे शोधण्यापेक्षा लय जाणणारे शोधणे सोपे आहे. जाणकार गिटारवादक मिळाला तर सोन्याहून पिवळे, पण त्यालाही पाच वादने एकदम पाठवू नका. एक पाठवा. "रेकॉर्डिंग नीट नाही, आज हात चालत नव्हता" ही प्रस्तावना गाळा. ती वाचली की माणूस तपासायचे सोडून धीर द्यायला लागतो.

उत्तरे आली की लगेच वाद घालू नका आणि लगेच सगळे बदलूही नका. तीन-चार जणांची उत्तरे एका कागदावर वेळेनुसार मांडा. एकाच जागी दोघांनी बोट ठेवले असेल तर ती जागा आधी. "गोडवा कमी आहे" असे कुणी म्हटले तर कोणत्या सेकंदाला ते विचारा. बरेचदा त्या जागी डावे बोट कॉर्ड लवकर सोडत असते आणि सूर पूर्ण लांबायच्या आत तुटतो. एका वेळी एक दुरुस्ती घ्या, ती मूळ गतीच्या साठ टक्क्यांवर, म्हणजे १०० चे वादन ६० वर, आठवडाभर वाजवा.

खरेदीचा क्रम आता सांगता येतो. पहिला एक भक्कम माइक स्टँड आणि फोनचा क्लॅम्प. नंतर कान झाकणारे बंद हेडफोन, कारण जे ऐकू येत नाही ते दुरुस्त होत नाही. त्यानंतर दोन वाटा आहेत. हातात मावणारा रेकॉर्डर घेतला तर लॅपटॉप, चार्जर, गुरगुर हे प्रश्नच उरत नाहीत, आणि पहाटे उठून लगेच काम सुरू होते. माझा कल याच वाटेकडे आहे. दुसरी वाट म्हणजे एका माइकचा यूएसबी इंटरफेस आणि लहान पडद्याचा कंडेन्सर (विजेवर चालणारा, बारीक आवाज टिपणारा) माइक. इंटरफेसला ४८ व्होल्ट फँटम पॉवर (वायरीतूनच माइकला वीज देण्याची सोय) हवी, नाहीतर कंडेन्सर माइक चालणार नाही. मोठ्या पडद्याचा माइक गाण्याला छान, पण उघड्या खोलीत बाजूने येणारा आवाज त्यात रंग बदलून येतो. गिटारमध्ये बसवलेला पिकअप (तारांची कंपने टिपणारा भाग) थेट जोडण्याचा मोह टाळा. सॅडलखालच्या पिकअपला तारेचा दाब कळतो, फळीचा श्वास कळत नाही, आणि तळहाताने दाबलेला बेस त्यात रबरासारखा वाजतो.

जुन्या फाइल पुसू नका. नावात तारीख, पट्टी आणि टेकचा क्रमांक घाला. तीन आठवड्यांनी खुर्ची त्याच खडूच्या खुणांवर, माइक त्याच दीड वितीवर, त्याच चादरी त्याच दोरीवर घालून तेच वादन पुन्हा रेकॉर्ड करा. दोन्हींना २२० चा फिल्टर लावून एकामागून एक ऐका. तारांचे वय तेवढे सारखे ठेवा, नाहीतर नव्या तारांचा झंकार प्रगती समजून बसाल.